आठ मिलिमीटर

धैर्यशीलचा फोन आला बोलोन्याहून.
तिकडे दुपार, इकडे माझी
वाटाणे भिजत घालायची वेळ.
"मावशी, इथली युनिव्हर्सिटी नऊशे वर्षांची आहे."
म्हटलं, असेल.
नऊशे वर्षं पोरांना भूक लागत असणार,
कुणीतरी रांधलंच असेल.
त्या बाईचं नाव कुठे कोरलंय का, बघ.

तीन वर्षं जेवला माझ्याकडे, दांडिया बाजारात.
ताटाच्या काठावर निळा अंगठा उमटायचा,
विमनंही जायचा नाही.
आता तिकडे जुन्या भिंतींवरची चित्रं पुसतो
कापसाच्या बोळ्यानं,
कधी कधी, म्हणाला, चक्क थुंकीनं.

त्या शहराला लोक तीन नावांनी हाक मारतात म्हणे:
विद्वान, लठ्ठ, तांबडं.
म्हटलं, हे तर आमच्या धाकट्या दिरांचं वर्णन.
पहिलं सोडून.

तिथे बायका हातभर लांब लाटण्यानं
पारदर्शक पोळी लाटतात,
चौकोन कापतात, सारण भरतात,
करंगळीभोवती वळवून चिमटा घेतात,
की झाली बेंबी.
कुण्या देवीची, किल्लीच्या भोकातून पाहिलेली.
पुरुषांच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच.
पण सारणात जायफळ असतं म्हणाला,
आणि मला ते गाव
एकदम रावपुऱ्याच्या पलीकडचं वाटलं.

मग म्हणाला,
तिथल्या व्यापाऱ्यांच्या कचेरीत, पेटीत,
शेवयांची एक पट्टी ठेवलीय. सोन्याची.
रुंदी ठरलेली. शिजल्यावर आठ मिलिमीटर.
कमी नाही, जास्त नाही.

झोप लागली नाही.
हे कलाभवनच्या वर्कशॉपात होते,
त्यांची स्टीलची पट्टी खणात होती अजून.
काढली.
शिजलेला एक वाटाणा नऊ भरला,
एक अकरा,
एक फुटलेला. तो धरायचा की नाही,
हे विचारायला आता घरात कुणी नव्हतं.

सकाळी डबा घेऊन घुमटाखालच्या ऑफिसात गेले.
खिडकीत मजमुदारभाई.
"शेनी अरजी छे, बेन?"
उसळीची.
त्यांनी गठ्ठा चाळला:
डुप्लिकेट मार्कशीट, मायग्रेशन, नावात दुरुस्ती.
"कई फॅकल्टीमां नाखुं?"
मी म्हटलं, रोज सगळ्याच फॅकल्ट्यांत जाते ती,
दीड वाजेपर्यंत.

चहाच्या बशीत घेऊन खाल्ली त्यांनी.
डोळे मिटून. फॉर्मावर तरीचा एक थेंब.
"गोळ ओछो छे."

परत येताना सुरसागरच्या कठड्याशी थांबले.
गूळ माझा नव्हताच मुळी.
सासूबाईंची उसळ म्हणजे गोडा मसाला आणि धाक.
गूळ पडला भावनगरच्या दोघा भावांसाठी.
लसणाची तरी कोल्हापूरच्या पाटलासाठी,
तो पहिल्या वर्षी नापास झाला, तरी राहिली.
वर शेव, कारण एकदा पोळ्या संपल्या होत्या.
खोबरं घातलं त्रिशूरच्या मुलीसाठी,
ती रडत होती, का ते सांगितलं नाही.
मी तरी कुठली उसळ जमा करणार होते?
आणि कुणाच्या नावानं?

माप म्हणाल तर ओगराळं आहे.
त्याला पोचा आलाय,
दंगलीत कर्फ्यू लागला त्या रात्री
एकवीस पोरं एका खोलीत, दिवे बंद,
कुणाच्या तरी हातून पडलं.
पोचा धरूनच ते एक वाटी.
नवीन घेतलं तर मीठ चुकतं.

संध्याकाळी परत फोन.
"मावशी, इथं एका दुकानात वाटाणे मिळाले.
किती भिजत घालू?"
किती जण आहात?
"मी एकटाच."
मग चार जणांचे घाल.

पलीकडे कसलीशी घंटा वाजत होती.
"आणि पाणी?"
म्हटलं, अरे, बुडेपर्यंत.
वर बोटाचं एक पेर.
माझ्या नाही, तुझ्या.